जेथे थांबविले तेथे

बदलीचा हुकूम हाती पडला की मराठी नोकरदार दोन प्रश्न विचारतो: तेथे मराठी शाळा आहे काय, आणि परत केव्हा येता येईल? दोहोंची उत्तरे बहुधा मनाजोगी मिळत नाहीत. मग उरतो तो तिसरा प्रश्न, आणि तो कचेरीस विचारता येत नाही. जेथे आपण स्वेच्छेने आलो नाही, तेथे आपले म्हणून काही कार्य असू शकते काय?

कलकत्त्यास येऊन आम्हांस नऊ वर्षे झाली. पैकी शेवटची चार घरातील दीर्घ आजारात गेली. पत्नीला अंथरुणावरून उठवत नाही. त्यामुळे कचेरी, औषधांचे दुकान आणि तिची खाट एवढ्यातच आमचे जग मावू लागले. बढतीबरोबर येणारी बदलीही नाकारावी लागली. आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. संकटातही देवाचा हेतू असतो, हे आम्ही बालपणापासून उपासनेत ऐकत आलो. परंतु अपरात्री रुग्णाची कूस बदलताना ते वाक्य ओठांवर येईना.

अशा दिवसांत विल्यम कॅरीचे चरित्र आम्ही पुन्हा हाती घेतले. त्याचे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, हुगळीकाठचे; आमच्या घरापासून लोकलने तासाभराच्या आतले. कॅरीचे आयुष्य म्हणजे बंद होत गेलेल्या दारांची मालिकाच. त्वचेच्या विकाराने ऊन सोसेना, म्हणून शेतीकाम सुटले व तो चांभारकाम शिकला. 1793 साली तो बंगालात आला, तर कंपनी सरकारला मिशनरी नकोत. पोटासाठी निळीच्या कारखान्यावर देखरेख करावी लागली. 1794 मध्ये पीटर हा लहानगा मुलगा गेला. पत्नी डॉरोथी हिचे मन ढळले ते 1807 मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरले नाही. कंपनीच्या मुलखात नव्या सहकाऱ्यांना थारा नव्हता, म्हणून 1800 साली तो डेन्मार्कच्या ताब्यातील श्रीरामपुरास आला. तेथेच छापखाना उभा राहिला.

आपणां मराठी माणसांवर या अडवणुकीचे ऋण आहे. महाराष्ट्र कधीही न पाहिलेल्या या गृहस्थाने फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविली, 1805 मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि 1810 मध्ये मोडी टाइपांत मराठी-इंग्रजी कोश काढला. साह्याला वैजनाथ पंडित होते. तेही आपल्यासारखेच परमुलखात नोकरीस आलेले. पुढे 11 मार्च 1812 रोजी छापखान्यास आग लागली. कागद, टाइप आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. छपाईची यंत्रे व टाइपांचे साचे मात्र वाचले. वितळलेल्या धातूतून नवे टाइप ओतून लवकरच काम पुन्हा सुरू झाले.

परंतु येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. डॉरोथीचे मन कोश व्हावा म्हणून ढळले, असे म्हणणे निव्वळ क्रौर्य होईल. शेजारच्या खोलीत तिचा आक्रोश चाले आणि कॅरी भाषांतर करीत बसे. त्यात कोणाचे किती सोसणे होते, याचा हिशेब आपण मांडू नये. ख्रिस्ती श्रद्धा वधस्तंभाला चांगली वस्तू म्हणत नाही. पौलानेही तुरुंगाची स्तुती केली नाही. त्याने तेथून मंडळ्यांना पत्रे लिहिली, एवढेच. बेडी आली कोठून, यापेक्षा मोकळ्या राहिलेल्या हाताने काय करावयाचे, हा प्रश्न त्याने मोठा मानला. आम्हांस तरी हेतूचा अर्थ एवढाच उमगतो: दुःखात तो दडवून ठेवलेला नसतो, दुःख असतानाही जी सेवा हातून घडू शकते, तिच्यात तो सापडतो.

अलीकडे शनिवारी दुपारी इमारतीतील तीन मराठी मुले आमच्याकडे वाचावयास येतात. ही कल्पना आमची नव्हे, पत्नीची. आजारापूर्वी ती शिक्षिका होती. उशाशी पुस्तक उभे करून ती त्यांचे उच्चार सुधारते. थकली की डोळे मिटते आणि मुले आपण होऊन हळू वाचू लागतात. यामुळे तिचा आजार हटलेला नाही, आमची बदलीही परत आलेली नाही. तरी शनिवारची ती वाट पाहते, आणि तिच्याबरोबर आम्हीही. ज्यांना घर दूर पडले आहे, त्या आपल्या बांधवांनीही आपापल्या बंद दारापाशी एकदा पाहावे. तेथे काहीतरी करावयाचे राहून गेलेले असेल.