बिअरची चव आणि जायकवाडीचे पाणी

हा लेख वाचून काही साथी रागावतील, हे गृहीत धरूनच लिहितो आहोत. पंचशील म्हणणाऱ्यांनी बिअरच्या चवीवर लिहावे काय? आमचे म्हणणे एवढेच, की जे पितो त्यावर बोलायचे नाही आणि जे बोलतो ते पाळायचे नाही, ही सवय आपल्या चळवळीत आता पुरे झाली.

आम्ही पाच जण. औरंगाबादला समाजशास्त्रात एम.ए. करताना जमलेली ही टोळी पुढे वेगवेगळ्या संस्थांमध्ये विखुरली, पण उन्हाळ्यात दोन-तीनदा एकत्र बाहेर पडण्याचा रिवाज टिकला. कधी म्हैसमाळ, एकदा गोवा, दोनदा पुणे. पाचांतले चार बिअर घेत असू. त्यात आमची एक मैत्रीणही आली, आणि तिला आम्ही सगळे ताईच म्हणतो. पाचवा गाडी चालवतो. त्याचे वडील देशी दारूने गेले. तो ग्लास हातात घेतो, वास घेतो आणि परत देतो. चवीबद्दल त्याचेच मत सगळ्यात अचूक निघते, ही गंमत आम्हाला आजही उलगडलेली नाही.

सुरुवात अर्थातच स्ट्राँगपासून. आपल्याकडच्या बिअर शॉपीत सर्वात जास्त खपते ती हीच, आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोलवाली. पहिला घोट गोडसर लागतो, मग जिभेवर लोखंडाच्या नळाचे पाणी प्यायल्यासारखे काहीतरी उरते. गार आहे तोवर ठीक. म्हैसमाळच्या उन्हात पंधरा मिनिटे राहिली की काढाच. पण हिला नावे ठेवणारा माणूस बहुधा एसीत बसलेला असतो. एमआयडीसीत पाळी संपवून निघालेला कंत्राटी कामगार चव विकत घेत नाही. खिशातल्या पैशांत लवकर झोप आणील ते घेतो.

माइल्ड किंगफिशर आम्हाला आवडायची. हलका, ओल्या पिठासारखा वास, शेवटी किंचित कडू, आणि सोबत खारे शेंगदाणे असले की बस्स. डोंगर चढून आल्यावर दुपारी तीन वाजता तिच्याइतके बरे काही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. गोव्यात छोट्या बाटलीतली किंग्ज घेतली. तीही हलकीच, जवळपास पाण्यासारखी, पण तळलेल्या बांगड्यासमोर जड बिअर हवी कोणाला? कर कमी म्हणून तिथे स्वस्त. चालक मित्र म्हणाला, "इथं कोणी परमिट विचारत नाही." आपल्याकडे दारू प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. 1949 च्या दारूबंदी कायद्याखालीच महाराष्ट्र दारूवर महसूल कमावतो, आणि बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेले असते. कायद्याचे नाव बंदीचे आणि काम धंद्याचे. आपला देश हा असा.

पुण्याची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. तिथे डुलाली नावाची बिअर जागेवरच गाळून देत. 2009 साली सुरू झालेली ही देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक मानली जाते. नाव आमच्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आले. देवळालीच्या छावणीत मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत सोजीर वेडेपिसे होत, म्हणून इंग्रजीत वेड्याला 'डुलाली' म्हणू लागले. गव्हाची बिअर मागवली. गढूळ, पिवळी, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. त्यात केळे नसते आणि लवंगही नसते, दोन्ही वास यीस्टचे. हे आम्ही आधीच वाचून गेलो होतो, आणि वेटरने समजवायच्या आत आम्हीच मोठ्याने म्हणालो. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. त्या क्षणी जे सुख झाले ते बिअरचे नव्हते. 'आम्हालाही कळते' याचे होते. बुर्द्यूचे 'डिस्टिंक्शन' परीक्षेपुरते वाचले होते. आवडनिवड ही वर्गाची खूण असते हे वाक्य लिहून गुणही मिळवले होते. पण त्याचा अर्थ त्या टेबलावर कळला. परतताना आमच्यातला एक गाडीत म्हणाला, "आता ती वाळूजची स्ट्राँग कोण पिणार!" त्याचा मोठा भाऊ वाळूजलाच बाटल्या भरण्याच्या लाइनवर कंत्राटी होता. कोणी काही बोलले नाही, तोही नंतर गप्प बसला.

बिरा व्हाइटवर मात्र आम्ही हसलो. तिच्यात संत्र्याची साल आणि धने असतात. चालक मित्राने वास घेऊन सांगितले, "उन्हाळी लागली की माझी आई रात्री धने भिजवून सकाळी ते पाणी देते. तुम्ही याचे पैसे दिले का?"

आता 2016. त्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात होते. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्याच जायकवाडीच्या पाण्यावर वाळूजचे बिअर कारखाने चालतात. एक लिटर बिअर बाहेर पडायला आत चार-पाच लिटर पाणी लागते, कारण बाटल्या आणि टाक्या धुण्यातच बरेचसे जाते. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मद्य कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश झाला. आम्ही त्या काळात पाण्यावर भाषणे करीत होतो. महाडच्या चवदार तळ्यापासून सुरुवात करून टँकरपर्यंत यायचो, आणि टाळ्याही मिळायच्या.

मे महिन्यात आम्ही म्हैसमाळला गेलो. बर्फाच्या डब्यात सहा बाटल्या. संध्याकाळी उतरताना खुलताबादच्या अलीकडे एका वस्तीपाशी रस्ता अडलेला. टँकर आला होता. तीस-चाळीस बाया, पोरी, हंडे, प्लास्टिकचे ड्रम, भांडणे. वस्ती आपलीच, निळा झेंडा दिसत होता. एक म्हातारी भरलेला हंडा उचलू शकत नव्हती. चालक मित्र गाडी बंद करून उतरला, हंडा तिच्या डोक्यावर चढवून दिला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. वीसेक मिनिटे तो तेच करीत होता. आम्ही चौघे काचा वर करून गाडीत बसून राहिलो. तोंडाला वास येत होता. डिकीत रिकाम्या बाटल्या होत्या आणि त्याच वस्तीत पुढच्या रविवारी आमची बैठक ठरलेली होती.

रस्त्यात वाद झाला. एकाने मोठ्या तोऱ्यात श्रीनिवास काढले. दारू-मटण सोडून वरच्यांची नक्कल करणे म्हणजे संस्कृतीकरण, आपल्या आज्या-पणज्या मोहाची काढत होत्या, त्यात लाज कसली? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सोवळेपणाच्या कल्पनेतून कोणी दारू सोडत असेल तर आम्हीही त्याच्या विरोधात आहोत. पण ताईने त्याला तिथेच अडवले. "14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी जी प्रतिज्ञा दिली ती विटाळ टाळायची होती का? पाचव्या शीलात विटाळ कुठं आहे? प्रमाद आहे. भान सुटतं म्हणून नको. आणि आज भान सुटलं नव्हतं म्हणतोस? तू पूर्ण शुद्धीत होतास, तरी उतरला नाहीस." ताई स्वतःही उतरली नव्हती. तेही तिने त्याच दमात सांगितले.

तिने त्या दिवसापासून सोडली. पुढे तिने एका गावात 'आडव्या बाटली'साठी बायांच्या सह्या गोळा केल्या. दुकान बंद करायचा ठराव मागायला पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली तरच शटर खाली येते. त्या दुकानात बिअरही होतीच. माइल्ड काय आणि स्ट्राँग काय, मतपत्रिकेवर बाटली एकच असते. ज्याचा भाऊ बाटल्यांच्या लाइनवर होता त्यानेही सोडली. ताईच्या त्या मोहिमेवर मात्र तो तिच्याशी भांडला, दुकाने बंद झाली तर कारखान्यातल्या पोरांचे काय? त्याचे उत्तर आमच्यातल्या कोणाकडे नव्हते. राहिलेले दोघे अजून घेतात, सहलीला, एखादी. या लेखाचा मसुदा पाचही जणांनी वाचला आहे आणि 'अजून घेतात' हे शब्द काढायचे नाहीत असे ठरले आहे.

त्या रविवारी बैठकीला गेलो. विहिराच्या आधी होते ते अर्धवट बांधलेले सभागृह, सतरंजी, बुद्धवंदना झाली. पाण्याच्या अर्जावर सह्या घेत असताना ती हंड्यावाली म्हातारी पुढे आली. चालक मित्राच्या खांद्यावर हात ठेवला, मग आमच्याकडे बघून म्हणाली, "बुधवारी ती पांढरी गाडी तुमचीच व्हती का रे लेकरांनो?"

आम्ही हो म्हणालो.

"मंग उतरायचं ना," ती म्हणाली, आणि अर्जावर अंगठा कुठे लावायचा ते विचारू लागली.