मौद्याचा मुक्काम आणि मोटारीचा कणा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाहीं. रामटेकचे यात्रेकरू उत्तरेची वाट धरतात, अरण्यें पाहूं इच्छिणारे नागझिरा व नवेगांवबांध यांकडे भरधांव निघून जातात, आणि वाटेंतील मौदा हें तालुक्याचें गांव खिडकींतून ओझरतें दिसून मागें पडतें. पूर्वी ज्यास ६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत, त्याचाच हा भाग असून आतां त्याचा क्रमांक ५३ आहे. गुजराथेंतील हजिऱ्यापासून ओडिशांतील पारादीपपर्यंत, म्हणजे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत, हा महामार्ग धांवतो. नागपूर सोडून सुमारें ३५ किलोमीटर गेलें व माथनीजवळ कन्हान नदी ओलांडली, कीं मौदा आलें.

या गांवीं आम्हांस तीन दिवसांत दोन वेळां थांबावें लागलें. थांबण्याचें कारण स्थळाची शोभा नसून आमच्या मोटारीचा मागील कणा हें होतें. परंतु त्या निमित्तानें गांवही पाहण्यांत आलें आणि ज्या वस्तूवर घरचीं आठ माणसें निश्चिंतपणें बसून प्रवास करतात ती वस्तु असते तरी कशी, हेंही समजलें. दोन्ही गोष्टी वाचकांच्या कानीं घालाव्या असें वाटतें.

मार्गशीर्षाचे दिवस होते. भंडाऱ्यास आमच्या आत्याबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ होता, म्हणून थोरले बंधू, वहिनी, दोन पुतणे व लहान मंडळी अशीं आम्ही घरच्या जुन्या ॲम्बॅसडर गाडींतून निघालों. ही गाडी वडिलांच्या हातची. नागपूर मागें पडतांच मागच्या बाजूनें एक घूंऽऽ असा स्वर ऐकूं येऊं लागला. वेग वाढला कीं तो चढे, वेग उतरला कीं तो उतरे. गिअर घालून गाडी हलवितांना खालीं ‘ठक्’ असा आवाज होई. पूल ओलांडून मौद्यास पोंचतांच आम्हीं रस्त्याकडेच्या एका गॅरेजांत गाडी नेली.

मिस्त्री मध्यम वयाचे होते. त्यांनीं गाडीकडे न पाहतां प्रथम आम्हांलाच प्रश्न केला, “काकाजी, आवाज दाबल्यावर येते का सोडल्यावर?”

प्रश्न मार्मिक होता. चाकाचें बेअरिंग झिजलें असेल तर वेगाबरोबर येणारी घरघर ॲक्सिलरेटर दाबला काय अन् सोडला काय, फारशी बदलत नाहीं. वळणावर मात्र ती कमीअधिक होते. उलट क्राउन व पिनियन या दांतेरी चक्रांची झीज झाली असेल, तर दाबतांना एक स्वर व सोडतांना दुसरा स्वर निघतो, कारण दोन वेळीं दांतांच्या दोन वेगळ्या बाजूंवर भार येतो. आमच्या गाडीचा स्वर बदलत होता. मिस्त्रींनीं खालचा बूच काढून थोडें तेल तळहातावर घेतलें आणि तें बोटांनीं चोळून उन्हांत धरलें. त्यांत बारीक चकाकी दिसली.

“चांदी उतरली,” ते म्हणाले. “आता हे नाही चालत. लेकरंबाळं बसून आहेत गाडीत.”

गाडी तेथेंच ठेवून आम्ही एस. टी. नें भंडाऱ्यास जाण्याचें ठरविलें. गाडी येईपर्यंत दोन तास होते, ते आम्हीं नदीकडे घालविले. कन्हान सातपुड्यांत, छिंदवाड्याच्या मुलखांत उगम पावते व पुढें वैनगंगेस मिळते. मौद्याजवळ तिचें पात्र रुंद व वाळूचें आहे. काठीं चक्रधरस्वामींचें मंदिर आहे. तेथील शांतता महामार्गाच्या गोंगाटानंतर फारच सुखाची वाटली. शेतांतून धानाच्या कडपा पडल्या होत्या. आणि या सर्वांवर लक्ष ठेवावें तशा औष्णिक विद्युत्केंद्राच्या चिमण्या दुरून दिसत होत्या. पांचशें मेगावॉटचे दोन व ६६० मेगावॉटचे दोन, मिळून २३२० मेगावॉटचें हें केंद्र आहे. तांदुळाचें गांव आणि विजेचें गांव अशीं दोन गांवें येथें शेजारीं नांदत आहेत.

परततांना एका अंगणांत जुनी बंडी दिसली आणि मुलांना कण्याची गोष्ट समजावून सांगण्यास चांगलें साधन मिळालें. बैलगाडीचा कणा स्वतः फिरत नाहीं. चाकें त्याच्यावर मोकळीं फिरतात. म्हणून वळण घेतांना बाहेरचें चाक अधिक व आंतलें कमी फिरलें तरी कोणास त्रास होत नाहीं. मोटारींत मात्र इंजिनाची शक्ति चाकांस पोंचवावयाची, तेव्हां कण्यांतील दांडेच फिरावे लागतात. ते एकसंध असते तर प्रत्येक वळणावर एक चाक फरफटलें असतें. या अडचणीवर १८२७ सालीं फ्रान्समध्यें ओनेसिफोर पेकर यानें डिफरन्शियलचें पेटंट घेतलें. कण्याच्या मध्यभागीं जो फुगीर गोळा दिसतो, त्यांत हीच युक्ति असते. दोन्ही चाकांस शक्ति द्यावी, पण प्रत्येकास आपापल्या वाटेप्रमाणें कमीअधिक फिरण्याची मोकळीक ठेवावी, असें तें यंत्र आहे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्या माणसानें तें एकदां उघडून पाहावें असें आमचें मत झालें.

भंडाऱ्यास समारंभ यथासांग पार पडला. पानें उठल्यावर गाडीचा विषय निघाला. नवा कणा मिळणें कठीण, हें मिस्त्रींनीं सांगितलेंच होतें. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सनें ॲम्बॅसडर घडविली. १९५७-५८ च्या सुमारास ती बाहेर पडली आणि बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यांत मे २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. आतां जिवंत गाडीस लागणारा भाग बहुधा मेलेल्या गाडींतूनच काढावा लागतो.

थोरल्या बंधूंस हें मान्य होईना. “नव्या वस्तूस कारखान्याची हमी असते. जुन्या वस्तूस कोणाची?” असें ते म्हणाले. हा आक्षेप कंजूषपणाचा किंवा सोवळेपणाचा नव्हता. पुष्कळ गाड्यांत कण्यांतला शाफ्ट चाक फिरवितो आणि गाडीचा भारही पेलतो. तो मोडला तर चाकच निखळण्याची भीति असते. धाकट्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, गाडीच मोडींत द्यावी. वहिनी म्हणाल्या, “मामंजींनी ज्या गाडीतून मला माहेराहून आणलं, ती वजनावर विकायची?” वाद रंगला, पण तोड निघेना.

अखेर आत्याबाईंनीं तोंड उघडलें. भंडारा हें पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें गांव, आणि त्यांचें सारें आयुष्य तांबटआळीच्या ठोक्यांत गेलेलें. त्या म्हणाल्या, “मोड देऊन घडवलेल्या घागरीतच तुमच्या आजोबांनी देवाचं पाणी भरलं. जुनं की नवं हे काय विचारता? वाजवून पाहा. चीर असली तर भांडं आपण होऊन सांगतं.”

दुसऱ्या दिवशीं बंधू स्वतः आमच्याबरोबर निघाले. मौद्याहून मिस्त्रींस घेऊन आम्ही नागपूरच्या भंगार बाजारांत गेलों. असे बाजार प्रत्येक मोठ्या शहरीं असतात. मुंबईच्या कुर्ल्यांत तर एक विचित्र योग जुळून आला आहे. सोलापुरीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पुढें कुर्ल्याच्या कारखान्यांतून पद्मिनी गाड्या बाहेर पडल्या, आणि त्याच कुर्ल्याच्या भंगारबाजारांत जुन्या मोटारींचे सुटे भाग विकले जातात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईंत पद्मिनी टॅक्सी म्हणून चालत नाहीं. एका उपनगरानें एका यंत्राचा जन्म व उत्तरकार्य दोन्ही पाहिलीं.

बाजारांत तीन कणे पाहण्यास मिळाले. पहिला रंगवून चकचकीत केला होता. मिस्त्रींनीं जेथें कमानीचे पाटे बसतात त्या बैठकी दोऱ्यानें मापल्या. एक बैठक किंचित् पिळलेली निघाली. ती गाडी अपघातांत सांपडली असली पाहिजे. दुसऱ्याचें तेल दुधाळ होतें, म्हणजे आंत पाणी गेलें होतें. तिसरा गंजानें माखलेला व सर्वांत कुरूप. परंतु त्याचें तेल काळें असलें तरी त्यांत धातूचा कण नव्हता. हातानें फिरवितां तो कोठें अडखळत नव्हता, आणि दांतांमधील मोकळीक बेताची होती.

नंतर दांत मोजले. हें मोजणें आवश्यक आहे. उदाहरणार्थ, क्राउनचे ४१ व पिनियनचे ९ दांत असतील तर इंजिनाकडील दांडा सुमारें साडेचार वेळां फिरल्यावर चाक एकदां फिरतें. हें प्रमाण मूळ कण्याहून निराळें असेल तर इंजिनावरील भार बदलतो व वेगाचा कांटा खोटें सांगूं लागतो. आमच्या कण्याशीं प्रमाण जुळलें.

येथें आम्हीं एक शंका विचारली. आमचा कणा वरून ठीक आहे, तर केवळ पिनियन तेवढी जुनी घेऊन बसवितां येणार नाहीं काय? मिस्त्रींनीं मान हलविली. क्राउन व पिनियन कारखान्यांतच एकमेकांवर घासून जोडीनें तयार करतात आणि वर्षानुवर्षें एकमेकांच्याच दांतांशीं झिजतात. ४१ आणि ९ यांना सामाईक विभाजक नसल्यामुळें प्रत्येक दांताची गांठ क्रमाक्रमानें समोरच्या प्रत्येक दांताशीं पडते, आणि झीज सर्वांत सारखी वांटली जाते. अशा जोडींतील एकास दुसऱ्या घरीं पाठविलें तर तें घर सुखानें चालत नाहीं. घ्यावयाचें तर सगळा संसार घ्यावा.

शेवटची परीक्षा शाफ्टांची. ते बाहेर काढून रॉकेलनें पुसले, कोरडे केले आणि त्यांवर खडूची पूड चोळली. चीर असेल तर तिच्यांत शिरलेलें रॉकेल खडूंतून रेघेसारखें उमटतें. रेघ उमटली नाहीं. मग प्रत्येक शाफ्ट दोरीनें टांगून मिस्त्रींनीं हातोडीनें हलकेच ठोकला. घंटेसारखा लांब, स्वच्छ नाद निघाला. बंधूंनीं हातोडी मागून घेतली, स्वतः दोनदां ठोकून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पाकीट काढलें.

पावती मात्र त्यांनीं आग्रहानें घेतली आणि कणा ज्या गाडीचा होता तिचा क्रमांक तींत लिहवून घेतला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणें हा गुन्हा आहे. शिवाय कोणाच्या जिवावर आपण प्रवास करतों हें ठाऊक असावें, असें त्यांचें म्हणणें पडलें.

मौद्यास परत आल्यावर बसविण्याचें काम दिवसभर चाललें. पुढील चाकांस दगड लावले, मागील भाग जॅकनें उचलून भक्कम घोड्यांवर ठेवला. केवळ जॅकच्या भरंवशावर मिस्त्री गाडीखालीं शिरले नाहींत. मधला दांडा सोडविला, ब्रेकची नळी व हँडब्रेकची तार सोडली, यू-बोल्ट काढले, तेव्हां जुना कणा खालीं उतरला. “हाडं जुनी चालतील, सांधे नवेच पाहिजेत,” असें म्हणून त्यांनीं बेअरिंगें, ऑइल-सील, ब्रेकचे लायनर व यू-बोल्ट हीं सारीं कोरीं घातलीं. शेवटीं नवें तेल भरलें, ब्रेकमधील हवा काढली आणि पुलापर्यंत एक फेरी मारली. मागून येणारा स्वर नाहींसा झाला होता.

अशी विद्या किती दिवस टिकेल, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन पांच पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते. १३ ऑगस्ट २०२१ रोजीं वाहनें मोडींत काढण्याचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. जीं वाहनें सुरक्षित राहिलीं नाहींत आणि हवा दूषित करतात, तीं रस्त्यावरून जावीं हें योग्यच आहे. आमचा पुतण्या या बाबतींत चुकत नाहीं, आणि पुढच्या तपासणींत आमची गाडी उतरली नाहीं तर तिला निरोप द्यावा लागेल, हें वहिनींनींही मान्य केलें आहे. तथापि जी वस्तु तपासून धड ठरते ती केवळ वयानें बाद करूं नये, आणि जी धड नाहीं ती केवळ मायेनें ठेवूं नये; हा विवेक यंत्राप्रमाणें घरालाही लागू पडतो.

पांचशें किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींच्या सांगण्याप्रमाणें तेल काढून त्यांत लोहचुंबक फिरविला. त्यास कांहीं चिकटलें नाहीं. बंधूंनीं गाडीच्या वहींत तारीख घातली, तिच्याखालीं त्या अनोळखी गाडीचा क्रमांक लिहिला, आणि ‘हमी’ या शीर्षकापुढें आमच्या मिस्त्रींचें नांव.