पंधरा मिलिमीटर

मागच्या शॉकअपच्या पिवळ्या स्प्रिंगवर ८५० असा आकडा छापला होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडं शॉकअप आहे. खड्डा कळायचाच नाही तुम्हाला." मी सीटवर बसले, दोन्ही पाय उचलले, कठड्याला धरून तोल सांभाळला आणि मुलीला स्प्रिंगकडे बघायला सांगितलं. ती खाली वाकून म्हणाली, "आई, काही हललंच नाही."

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्शन बघते. पर्समध्ये सहा इंची व्हर्निअर असतोच. तो तिच्या हातात दिला आणि पुन्हा बसले. फरक तीन मिलिमीटर. त्या ८५० चा अर्थ असा, की ती स्प्रिंग एक इंच दाबायला ८५० पौंड, म्हणजे साधारण ३८५ किलोचा जोर लागतो. सायकलच्या सांध्यांमुळे तरफेसारखं होऊन स्वाराचं वजन शॉकवर दोन-अडीच पटीने पडतं हे खरं, पण माझं वजन ५६ किलो. माझ्यासाठी ती स्प्रिंग म्हणजे लोखंडी दांडकं. वर त्या दांडक्याचं ओझं चढावर मीच ओढायचं. सायकल अठरा हजारांची होती. दुकानदार भला माणूस होता, त्याने आम्हाला चहाही पाजला. पण मी ती घेतली नाही.

दोन्हीकडून सस्पेन्शन असलेली सायकल मला हवी होती ती वेताळ टेकडीसाठी. गेली सहा वर्षं मी रविवारी पहाटे एआरएआयच्या रस्त्याने वर चढते आणि खाणीच्या बाजूच्या पायवाटांवर फिरते. माझी जुनी सायकल हार्डटेल, म्हणजे पुढच्या फोर्कला तेवढं सस्पेन्शन, मागचं चाक थेट फ्रेमला. आपल्या टेकड्यांची जमीन ज्याने चाकाखाली अनुभवली आहे त्याला सांगायला नको. कुठे उघडा पडलेला काळा बेसॉल्ट, कुठे मुठीएवढे सुटे दगड, आणि त्यावर छर्र्यांसारखा पसरलेला मुरूम. उतारावर ब्रेक दाबला की मागचं चाक दगडावरून दगडावर उड्या मारतं. चाक हवेत असेल तेवढा वेळ ब्रेक असून नसल्यासारखा. चाळिशी ओलांडल्यावर कमर हे सगळं मोजू लागली. फिजिओथेरपिस्टने सायकल बंद करायला सांगितलं नाही, "धक्के कमी करा" एवढंच सांगितलं.

बाजूला ठेवलेले पैसे ऐंशी हजार. मी बघत होते त्या नव्या, मागे हवेचा शॉक असलेल्या सायकली लाखाच्या पुढे होत्या. पन्नास-साठ हजारांत नवी हार्डटेल आणि नवी फुल सस्पेन्शन शेजारी शेजारी उभ्या असतील तर हार्डटेल घ्यावी, असं मला आजही ठामपणे वाटतं. तेवढ्याच पैशांतून मागचा शॉक, चार-सहा सांधे आणि त्यांची बेअरिंगं काढायची म्हणजे फोर्क, ब्रेक आणि चाकं हलकी पडणारच. माझी अडचण कमरेची होती, म्हणून मला तो मार्ग नव्हता. राहिला वापरलेल्या सायकलीचा.

दोन महिने रात्री जेवणं आटोपली की मी सायकलींच्या सांध्यांची चित्रं काढत बसायचे. स्वस्तातल्या फुल सस्पेन्शनमध्ये नेहमी पुढे येणारी नावं म्हणजे इंडोनेशियाच्या पॉलिगॉनची सिस्किऊ, मरीनची रिफ्ट झोन, जायंटची स्टान्स. तिघींनी पैसे वाचवायला वेगवेगळी वाट धरलेली आहे. स्टान्समध्ये मागच्या आसाजवळ सांधाच नाही. तिथली नळी मुळातच थोडी लवते आणि सांध्याचं काम भागवते, म्हणजे तेवढी बेअरिंगं वाचली. काही सायकलींमध्ये मागचा सगळा त्रिकोण एकाच मुख्य सांध्यावर फिरतो. काहींमध्ये चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर, आसाच्या जरा पुढे आणखी एक सांधा असतो. त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही मागचं चाक मोकळेपणाने वरखाली होतं. ही युक्ती होर्स्ट लाइटनर या ऑस्ट्रियन मोटोक्रॉसपटूची. तिचं अमेरिकेतलं पेटंट बरीच वर्षं स्पेशलाइज्डकडे होतं, २०१३ साली ते संपलं आणि इतर कंपन्यांनाही ती रचना मोकळी झाली. टेकडीवर ब्रेक दाबला की चाक उडतं हेच माझं दुखणं असल्यामुळे मी असाच सांधा असलेली सायकल शोधू लागले.

उंचीचा प्रश्न वेगळाच. मी १६० सेंटिमीटर. जाहिराती बघाव्यात तर मीडियम आणि लार्ज. "सीट खाली घ्या की," असं मला तिघांनी सांगितलं. सीट खाली घेतल्याने फ्रेमची लांबी कमी होत नाही. हँडल लांब पडलं की उतारावर वजन मागे राहतं आणि पुढचं चाक वळणात घसरतं. स्वस्त मिळतेय म्हणून मोठ्या मापाची सायकल घेणं हा सगळ्यात महाग सौदा. थांबायची तयारी ठेवावी.

थांबले, आणि नाशिकला एक निळी स्मॉल मिळाली. साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे मागे १३० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे चाक तेवढं वरखाली होणार, मागे हवेचा शॉक, चार वर्षं वापरलेली. मालक पंचविशीतला मुलगा, नोकरीसाठी परदेशी निघाला होता. मी पिशवीत व्हर्निअर, शॉकचा छोटा पंप आणि अॅलन की घेऊन एसटीने गेले. तो म्हणाला, "ताई, एक चक्कर मारून बघा." म्हटलं, चक्कर शेवटी.

आधी सायकल त्यांच्या ओसरीत उभी केली. डाव्या हाताची दोन बोटं मुख्य सांध्यावर, निम्मी फ्रेमवर आणि निम्मी हलत्या भागावर. उजव्या हाताने सीट धरून सायकल अगदी हलके, मागचं चाक जमिनीवरून सुटेल न सुटेल इतकीच, वर उचलायची आणि सोडायची. सांध्यात प्ले, म्हणजे सैलपणा, असेल तर तो डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतो, बारीक टक् असा. एकेक सांधा असा तपासला. शॉकच्या वरच्या टोकाला टक् लागली. तिथली बुश झिजली होती. ती बदलता येते, दोन-अडीच हजारांचं काम. मग शॉकचा दांडा. त्यावर उभा ओरखडा असेल तर प्रत्येक दाबाला सील कापलं जातं आणि हवा टिकत नाही. नखाने सगळीकडून फिरवून बघितलं, नख कुठे अडकलं नाही. शॉक जिथे फ्रेमला बसतो तिथला जोड आणि सीट ट्यूबच्या खालचा जोड ओल्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहिला. रंगाला केसाएवढी रेघ जरी दिसली असती तरी मी तशीच परतले असते. शेवटी शॉकमध्ये हवा भरली, आकडा लिहून ठेवला, आणि त्याच्या आईने केलेले पोहे खाल्ले. तासाभराने पुन्हा पंप लावला. काटा किंचित खाली होता. पण पंपाची नळी भरायला थोडी हवा जातेच, तेवढाच तो फरक.

बिल होतं, त्यावरचा नंबर फ्रेमवरच्या नंबराशी जुळला. बुशचे पैसे वजा करून बहात्तर हजारांना ठरलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. सस्पेन्शन म्हणजे दगड आला की चाक वर जाणं, असं मीही समजत होते. पण शॉकचं निम्मं काम उलट्या दिशेचं. दोन दगडांच्या मधली खोलगट जागा आली की चाकाला खाली जाता आलं पाहिजे, तरच ते जमिनीला धरून राहील. खाली जायला जागा केव्हा असेल? स्वार नुसता बसल्यावर शॉक आधीच थोडा दबलेला असेल तेव्हा. या दबण्याला सॅग म्हणतात, आणि अशा पायवाटांच्या सायकलीला तो मागे साधारण तीस टक्के ठेवतात. पिवळ्या स्प्रिंगला माझ्या वजनाने तीन मिलिमीटरच दबता येत होतं, तिथेच तो विषय संपला होता. माझ्याहून दीडपट वजनाच्या माणसाला कदाचित तीच स्प्रिंग थोडीफार चालेल. हवेच्या शॉकचे जास्त पैसे मोजायचे ते एवढ्याचसाठी की तो आपल्या वजनाला लावून घेता येतो.

घरी आल्यावर पॅसेजमध्ये हेच काम. हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी सगळं चढवून माझं वजन साठ किलो, म्हणजे १३२ पौंड. वजनाचे जितके पौंड तितके पीएसआय, अशी सुरुवातीची ढोबळ रीत आहे. १३० भरले. शॉक पाच-सहा वेळा दाबून आतले दोन्ही कप्पे समतोल होऊ दिले आणि पुन्हा मोजून भरले. दांड्यावर एक रबरी रिंग असते, ती सीलला टेकवली. मुलीने हँडल धरलं, मी हळूच बसले, न उसळता उतरले. रिंग बारा मिलिमीटरवर. शॉकचा दांडा एकूण ५० मिलिमीटर आत जातो, त्याचे तीस टक्के पंधरा. थोडी थोडी हवा कमी करत आणली. ११८ ला रिंग बरोबर पंधरावर थांबली. मग लाल नॉब, तो शॉक किती वेगाने परत येईल ते ठरवतो. फुटपाथवरून बसल्या बसल्या खाली उतरायचं आणि सायकल एकदाच वर येऊन थांबते का ते बघायचं. दोनदा झुलली तर नॉब आणखी दोन टिचक्या फिरवायचा.

दुसऱ्याच महिन्यात चढावर कचकच सुरू झाली. मुख्य सांधा उघडला तर एका बेअरिंगमधून तांबडं पाणी आलं. प्ले नव्हता, म्हणून नाशिकला माझ्या बोटांना ते सापडलं नाही. बेअरिंग गंजून घट्ट बसलं होतं, आणि घट्ट बसलेल्यात प्ले कुठून येणार? तिथे शॉक सोडवून मागचा त्रिकोण हाताने वरखाली करून बघायला हवा होता. वीस मिनिटांचं काम. तुम्ही वापरलेली सायकल बघायला जाल तेव्हा मालकाची परवानगी घेऊन एवढं नक्की करा. तो नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

नाना पेठेत गेले. काउंटरवरच्या काकांनी जुनं बेअरिंग अंगठ्यावर फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "६९०२. कुठल्या मशीनचं?" सायकलचं म्हटल्यावर ते चष्मा काढून बाहेर उभी केलेली सायकल बघायला आले. सांध्याचं बेअरिंग गोल फिरत नाही, ते काही अंशांतच मागेपुढे होतं. त्यामुळे तेच तेच गोळे भार घेतात. अशा जागी पिंजरा काढून गोळे खच्चून भरलेलं बेअरिंग चांगलं टिकतं. काकांकडे तसं नव्हतं. साधं घेतलं, घरच्या बेंच व्हाइसमध्ये सॉकेट लावून दाबून बसवलं, भरपूर ग्रीस भरलं. खास बेअरिंगं आता मागवून ठेवली आहेत, पावसाळ्यानंतर बदलेन. तरी माझं समाधान झालं ते त्या ६९०२ नेच. स्वस्त सायकल म्हणजे विकत घेताना स्वस्त एवढंच नाही, जिचा भाग आपल्या गावच्या पेठेत मिळतो ती.

टायरची ट्यूब काढून आत सीलंट भरलं हेही सांगून टाकते. बाभळी आणि बोरींच्या टेकडीवर दुसरा इलाजच नाही. आता मागे २२ पीएसआयवर चालवते.

जानेवारीत खाणीकडच्या त्याच उतारावर गेले. पहाटेचे फिरायला येणारे पुढे जाईपर्यंत थांबले, ओली जागा टाळली, कारण ओल्या मातीत चाकोरी पडली की पावसात तिचा ओहोळ होतो. मग सोडली. दगडांच्या पट्ट्यात मागचा ब्रेक दाबला आणि चाक खाली राहिलं. प्रत्येक दगड पायांना कळत होता, पण कमरेपर्यंत पोचत नव्हता. खाली थांबून रिंग बघितली. ४६ मिलिमीटर. सबंध उतारात चार शिल्लक.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे, उंचीने माझ्या बरोबरीला आली. गेल्या रविवारी ती म्हणाली, "मी नेऊ का आज?" पॅसेजमध्ये या वेळी हँडल मी धरलं. तिने स्वतःच रिंग सीलला टेकवली, बसली, उतरली, व्हर्निअर लावला, हवा सोडली, पुन्हा बसली. फ्रेमच्या खालच्या नळीवर मी पांढरी पट्टी चिकटवून मार्करने ११८ लिहिलं होतं. तिने त्याच्याखाली ९४ लिहिलं.