पाटा वजनाला, शॉकअप रस्त्याला

पाटण तालुक्यातल्या मोरणा खोऱ्यात वाढलेल्या पोराला जीप दिसायच्या आधी ऐकू येते. वळणापलीकडून नुसता खडखडाट आला तर गाडी रिकामी, शॅकलची कुरकुर आली तर भरलेली. आमच्या आबांची जीप जुनी महिंद्राची, फोर व्हील, चारही चाकांना स्प्रिंगच्या पाट्यांची थप्पी. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, त्यानंतर कितीतरी वर्षं या गाड्यांचा खालचा सांगाडा फारसा बदलला नाही. त्यामुळे कराडात कुठल्याही मिस्त्रीकडे तिचं काम व्हायचं.

उन्हाळाभर आबा वडाप मारायचे. आत दाटीवाटीनं माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारी तरणी पोरं, वर भाताची पोती. पावसाळ्यात वडाप थंडावायचं आणि तीच जीप डोंगरावरच्या वाड्यांवरून आजारी माणसं, अडलेल्या बाया घेऊन रात्री-अपरात्री पाटणला, तिथून कराडला निघायची. गाडी एकच, पण ओझी दोन तऱ्हांची.

त्या काळी बरेच वडापवाले ट्रकच्या भंगारातला जाड पाटा आणून थप्पीत घालायचे. गाडी मागं बसू नये, एवढंच त्यांना पाहिजे असायचं. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. लांबी-रुंदी तीच ठेवून ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा दुपटीहून जास्त कडक होतो. असली जीप भरल्यावर झकास चालते आणि रिकामी झाली की दगडागणिक उडते. आबांनी तसं केलं नाही, कारण रात्री त्यांच्या मागच्या बाकावर कण्हणारं माणूस असायचं. त्यांनी थप्पीच्या तळाशी एक जाड, जवळजवळ सरळ पाटा बसवून घेतला. गाडी हलकी असताना वरचे पाटे वाकलेले राहायचे आणि त्यांच्या टोकांशी याची गाठ पडत नसे. ओझं चढलं की वरचे पाटे सरळ होत त्याला टेकायचे आणि मग तो कामाला लागायचा. पोती असोत की बाळंतीण, दोघांना तीच जीप पुरायची. ‘पाटा वजनाला बघून घालायचा, शॉकअप रस्त्याला बघून,’ असं आबा म्हणायचे. पुढं मी यावर पुष्कळ वाचलं, पुष्कळ जाणत्यांना विचारलं. याहून नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. ते काम पाट्याचं किंवा कॉइल स्प्रिंगचं. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा ती उसळी मारून टाकणं हे शॉकअपचं काम: आतलं तेल बारीक छिद्रांतून, झडपांतून रेटलं जातं आणि हालचालीची उष्णता होते. म्हणून मागं बसलेली गाडी नवे शॉकअप घालून उठत नाही. तरीही आज दुकानात याच चुकीच्या इलाजाला मागणी असते, आणि मला त्याचं वाईट वाटतं. माणसं कष्टाचे पैसे घालतात आणि गाडी होती तशीच राहते.

शॉकअपची ओळख मला सांगली जिल्ह्यात झाली. नोकरीनं शिराळ्याला आणलं आणि गुढे-पाचगणीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या कामांवर, एमएम ५४० जीप घेऊन फिरणं सुरू झालं. पठारावरचा रस्ता बारीक लाटांचा, दात खिळखिळे करणारा. असल्या रस्त्यावर शॉकअपला क्षणाची उसंत नसते. तेल तापून पातळ होतं, साध्या शॉकअपमध्ये त्याला फेस येतो आणि तासाभरानं गाडी पाण्यावरच्या होडीसारखी डुलायला लागते. नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमध्ये तेलावर दाब राहतो, फेस लवकर धरत नाही. फरक आहे तो इथं. तिथल्या एका वयस्क ड्रायव्हरमामांनी एक परीक्षा शिकवली. खडबडीत रस्त्यावरून आल्याबरोबर चारही शॉकअपजवळ जपून हात न्यायचा. तीन गरम आणि एक थंड असेल, तर तो थंड मेलेला. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते बघण्याची रीत पाट्यांच्या गाडीत फसवते, कारण पाटे एकमेकांवर घासूनच अर्धी उसळी खातात.

त्याच जिल्ह्यात जतकडं गेलं की सगळं बदलतं. रस्ता सरळ, कोरडा, दगडाळ, आणि वेग जास्त. शिराळ्याच्या पावसाळी चिखलात लो गिअरला टाकून हळू चालणाऱ्या गाडीला जो मऊ शॉकअप सोसतो, तो जतच्या रस्त्यावर टिकत नाही. पाटे-शॉकअपच्या एकाच किटवर सगळे मुलूख चालतील असं कुणी सांगत असेल, तर त्यानं सांगली जिल्हा पूर्व-पश्चिम पाहिलेला नाही.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा ही एमएम ५४० जीप पाण्याचे कॅन आणि कडबा वाहत होती. पूर ओसरल्यावर पाटे खोलले तर प्रत्येक दोन पाट्यांमध्ये गाळाचा थर निघाला. धुऊन, बुश बदलून, ग्रीस लावून परत बसवले, पण मेन पाट्याची कमान गेली ती गेलीच. ठोकून कमान परत आणता येते, पण थंड पाटा ठोकला तर काही दिवसांत पुन्हा बसतो. भट्टीत तापवून नीट पाणी दिलं नाही तर पोलादाचा जीव जातो. म्हणून नवेच घ्यायचं ठरलं.

मग गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर नेली. स्टेपनी, जॅक, हत्यारांची पेटी, घरची माणसं, जे रोज गाडीत असतं ते सगळं घेऊन. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, नंतर फक्त मागची. त्या दोन आकड्यांवरून पाट्यांची संख्या ठरली: मूळ होती तेवढीच, मागं खाली आबांसारखा एक सरळ पाटा. नवे पाटे बसवल्यावर शॉकअपचं माप घेतलं. बंप स्टॉपला टेकल्यावरही शॉकअप पूर्ण मिटता कामा नये आणि चाक हवेत लटकल्यावर तो पूर्ण ताणला जाता कामा नये. हे माप न घेता बसवलेला महागडा शॉकअप पहिल्याच ओढ्यात तुटू शकतो.

आता माझी मुलगी साताऱ्यात असते. तिच्याकडं २०२०नंतरची थार आहे, मागंही कॉइल स्प्रिंग असलेली. कास, बामणोली, सडावाघापूर इथं तिच्या फेऱ्या असतात. ‘बाबा, दोन इंच उचलून घेऊ का?’ तिनं विचारलं. उंची वाढली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचे होज अपुरे पडू शकतात, वळणावर गाडी जास्त कलते. शिवाय नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी विसंगत होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाही. तिच्या गाडीत दोन माणसं आणि एक तंबू असतो. तेवढ्या वजनाला कंपनीची स्प्रिंग पुरेशी आहे. यवतेश्वरचा घाट आणि बामणोलीचा रस्ता बघून तिनं फक्त शॉकअप बदलले.

तुम्हीही किट मागवण्याआधी गाडी काट्यावर न्या. नेहमीचं सामान आणि नेहमीची माणसं घेऊन, पुढचं-मागचं वजन वेगवेगळं करून आणा आणि ती पावती विकणाऱ्यापुढं ठेवा. ती न बघता जो किट सुचवेल, त्याच्याकडून घेऊ नका.