आबांचा हायवे नंबर वन

निवृत्त झालेल्या माणसांनी काय करायचं याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे. सकाळी फिरायला जायचं, बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं, नातवंडांना बसस्टॉपवर सोडायचं आणि मुलगा अमेरिकेत असेल तर सहा महिने तिकडे राहून यायचं. 'दोघांनीच गाडी काढून समुद्राच्या काठाने चारशे मैल जायचं' हे त्या यादीत कुठेच बसत नाही. आमच्या आबांनी आणि आजीने मात्र नेमकं हेच केलं. मे २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियात. तेव्हा आबा अडुसष्ट वर्षांचे होते आणि आजी त्रेसष्ट. (अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी एट. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला अजूनही आईला विचारावे लागतात. चालवून घ्या!)

आबा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. पस्तीस वर्षं नोकरी झाली, त्यातली निम्मी कोकणात आणि घाटात. डेप्युटी इंजिनिअर म्हणून २००९ मध्ये रिटायर झाले. घाटातला रस्ता म्हणजे काय असतं ते आपल्याला पिकनिकला जाताना कळत नाही. पाऊस सुरू झाला की आबा घरी नसायचे. दरड आली, मोरी वाहून गेली, साइडपट्टी खचली, की रात्री-अपरात्री जीप दारात. २००५ च्या जुलैमध्ये महाड भागात दरडी कोसळल्या, जुई आणि दासगावात माणसं गाडली गेली, तेव्हा आबा तीन आठवडे तिकडेच होते. आजी क्वार्टर्समध्ये दोन मुलांना सांभाळून वाट बघायची. पुढे मुलं मोठी झाली, निघून गेली, तरी ती वाट बघतच होती. बदली झाली की आबा पुढे जायचे आणि आजी मागून सामानाच्या ट्रकबरोबर. आबांनी बांधलेला एकही रस्ता तिने नीट उतरून, उभं राहून पाहिला नव्हता.

माझा काका सॅन होजेला असतो. आबा-आजी त्याच्याकडे गेले आणि पंधरा दिवसांत कंटाळले. काका-काकू सकाळी ऑफिसला. घर मोठं, फुटपाथ स्वच्छ आणि रस्त्यावर एक माणूस दिसत नाही! भाजी आणायची तर गाडी, देवळात जायचं तर गाडी. पुण्यात दिवसाला चार कामं करून येणारे आबा तिथे खिडकीत बसून शनिवारची वाट बघायचे. अमेरिकेत जाऊन आलेल्या कुठल्याही आजोबांना विचारा, हेच सांगतील.

मग एके दिवशी आबांनी काकाचा रोड अॅटलास काढला आणि आजीला म्हणाले, "अगं, इथे समुद्राला चिकटून घाटरस्ता आहे. बघायचा का?"

काका हादरलाच. "आबा, राइट साइडने चालवायचं असतं. वीकेंडला मी नेतो ना!" त्याने आमच्याकडे पुण्याला फोन केला, "दादा, तू समजाव त्यांना." माझ्या बाबांनीही समजावलं. वय, बीपी, परका देश, सगळं झालं. आबांनी ऐकून घेतलं आणि कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंगचं हँडबुक वाचायला घेतलं. आपलं भारतातलं लायसन्स असेल तर पर्यटकाला तिथे गाडी चालवता येते, हे त्यांनी काकाला दाखवलं. दोन आठवडे रोज सकाळी कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यांवर प्रॅक्टिस केली. शेवटी काकूने बाजू घेतली. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून आबांचं नाव पॉलिसीत घातलं आणि किल्ली आजीच्या हातात दिली. आबांच्या नाही, आजीच्या!

यापुढचं सगळं मला आबांच्या वहीतून कळलं. खात्यात साइट डायरी लिहायची सवय होती, ती सुटली नाही. वहीत रोजचे मैल, पेट्रोल, हवामान आणि मधेमधे चार ओळी.

पहिला मुक्काम माँटेरे. एके काळी इथे समुद्रात तारली इतकी मिळायची की डबाबंद माशांच्या कारखान्यांची रांगच्या रांग उभी राहिली. विसाव्या शतकाच्या मध्याला मासळीच संपली आणि कारखाने बंद पडले. त्यातल्या एका कारखान्याच्या जागेवर १९८४ मध्ये मोठं मत्स्यालय झालं. आजीला ते फार आवडलं. आबांची नोंद मात्र अशी: "मासे उत्तम. पार्किंग महाग."

खरा रस्ता कार्मेलनंतर सुरू होतो. एका बाजूला सांता लुसिया डोंगर आणि दुसऱ्या बाजूला एकदम खाली पॅसिफिक. मधे दोन लेनचा रस्ता, हायवे नंबर वन. दक्षिणेकडे जाताना उजव्या बाजूने गाडी चालवायची, म्हणजे ड्रायव्हर डोंगराकडे आणि शेजारचा माणूस दरीकडे. आजी पहिले दहा मैल डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. नंतर तिने डोळे उघडले आणि मग मिटलेच नाहीत.

या रस्त्याचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९३७ मध्ये कार्मेलपासून सॅन सिमिअनपर्यंत वाहतूक सुरू झाली. नव्वदएक मैलांना अठरा वर्षं! कामावर सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदीही होते, त्यांना त्याबद्दल शिक्षेत सूट मिळायची. वाटेत बिक्सबी पूल लागतो. फोटोत तुम्ही तो नक्की पाहिला असेल. काँक्रीटची एकच मोठी कमान, ३२० फुटांचा गाळा, खाली २६० फुटांहून खोल घळ. १९३२ मध्ये दोन लाख डॉलरच्या आत बांधला. पोलाद वापरायचं की काँक्रीट असा प्रश्न होता. खाऱ्या हवेत पोलाद गंजणार, सारखं रंगवत बसावं लागणार, म्हणून काँक्रीट. आबांनी लिहिलंय, "आमच्या खाडीपुलांचंही हेच दुखणं." पुलाजवळ लोक सेल्फी काढत होते आणि आमचे आबा वाकून कमानीचा पाया कातळात कुठे टेकलाय ते बघत होते. आजी त्यांचा शर्ट मागून धरून उभी!

थोडं पुढे फायफर कॅनियनचा पूल. २०१७ च्या फेब्रुवारीत पावसाने डोंगर सरकला, जुन्या पुलाचे खांब हलले, पूल पाडावाच लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा पूल तयार. पोलादी गर्डर एका काठावरून पलीकडे ढकलत नेले. मधे खांबच नाही, म्हणजे डोंगर सरकला तरी हलायला काही नाही. आमच्या पुस्तकात हे 'लाँचिंग' म्हणून दोन परिच्छेदांत येतं. आबांनी त्याला अख्खं पान दिलंय, स्केचसकट.

याच टप्प्यात मोबाइलला रेंज नसते. मैलोन् मैल काहीच नाही. काकाने सकाळी अकराला फोन लावला, लागला नाही. बाराला नाही. दोनला नाही. तिथे दुपारचे दोन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, मे महिन्याची सुट्टी होती. बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, आई देवासमोर बसली होती आणि मी गूगल मॅप्सवर त्या रस्त्याची वळणं बघत होते. बघितली नसती तर बरं झालं असतं, इतकी वळणं!

त्या वेळी आबा-आजी मड क्रीक नावाच्या जागी टर्नआउटमध्ये गाडी लावून बसले होते. टर्नआउट म्हणजे रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायला ठेवलेली जागा. मागे पाच गाड्या जमल्या की हळू जाणाऱ्याने तिथे बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची, असा कायदाच आहे. मड क्रीकला २० मे २०१७ रोजी अख्खा डोंगर समुद्रात उतरला होता. सुमारे पाव मैल रस्ता गाडला गेला आणि समुद्रात नवीन जमीन तयार झाली. इतका मलबा उचलणं शक्यच नव्हतं. म्हणून इंजिनिअरांनी दरड तशीच ठेवली आणि तिच्या अंगावरून नवा रस्ता नेला. पायथ्याशी मोठमोठे दगड रचले, पाणी काढून द्यायला मोऱ्या केल्या, वर जाळ्या बसवल्या. जुलै २०१८ मध्ये रस्ता पुन्हा सुरू झाला. खर्च पाच कोटी डॉलरच्या वर.

आबा तिथे आजीला समजावून सांगत बसले. समुद्र पायथा खातो, पाऊस डोकं जड करतो, मग डोंगर तरी काय करणार? आपल्याकडे पाऊस जूनमध्ये, इथे हिवाळ्यात, एवढाच फरक. आजीने डब्यातून दशमी आणि लसणाची चटणी काढली. खाता खाता ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही पावसाळ्यात तीन तीन आठवडे हे करत होतात?"

आबांनी काय उत्तर दिलं ते वहीत नाही. वहीत एवढंच आहे: "दुपारी १.४०. मड क्रीक. ढग निवळले. पस्तीस वर्षांत ही पहिल्यांदा साइटवर आली."

संध्याकाळी सॅन सिमिअनच्या जवळ रेंज आली आणि काकाचा फोन लागला. तो आधी ओरडला, मग रडवेला झाला. आबा शांतपणे म्हणाले, "अरे, सिग्नल नव्हता. रस्ता होता."

बाकीचा प्रवास मजेत झाला. पिएद्रास ब्लांकासच्या वाळूत एलिफंट सील पडलेले असतात, गाडीएवढाले! तेलासाठी शिकार करून माणसाने हा प्राणी जवळजवळ संपवला होता. या किनाऱ्यावर ते १९९० मध्ये परत आले आणि आता हजारोंनी आहेत. मे महिन्यात ते कात टाकतात. अंगावरची कातडी चिंध्यांसारखी लोंबत असते आणि ते काहीही न करता पडून राहतात. आजी म्हणाली, "तुमच्या रिटायर्ड लोकांच्या कट्ट्यासारखं दिसतंय." हे वाक्य आबांनी अवतरणचिन्हात लिहून ठेवलंय. मग मोरो बेला मुक्काम, मोटेलच्या खोलीत छोट्या कुकरमध्ये मेतकूट-भात आणि परतताना सरळ १०१ नंबरच्या हायवेने घरी. एकूण ४१८ मैल. "गाडीस ओरखडा नाही," खाली सही आणि तारीख. जणू वरिष्ठांना रिपोर्ट!

जानेवारी २०२१ मध्ये याच रस्त्याचा रॅट क्रीकजवळचा तुकडा पावसात वाहून गेला. आबांनी मला बोलावून व्हिडिओ दाखवला. रस्ता मधेच तुटलेला आणि खाली समुद्र. "तीन महिन्यांत सुरू करतील बघ," म्हणाले. एप्रिलमध्ये सुरू झाला. आबांना किती आनंद झाला, जसं काही त्यांनीच टेंडर काढलं होतं! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही.

२०२३ मध्ये मी सिव्हिलला अॅडमिशन घेतली. "कॉम्प्युटर नाही मिळालं का गं?" हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. आजीने विचारला नाही. तिने कपाटातून ती वही काढून दिली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे वाचून मीच दाखवायची. आबांचं अक्षर लपेटीचं आणि माझं मराठी हे असं! 'दरड'चं मी 'दगड' वाचायचे, आजी दुरुस्त करायची. तिला पानंच्या पानं पाठ होती. मराठी मी शाळेत नाही, त्या वहीवर शिकले. आणि सेकंड इयरला स्लोप स्टॅबिलिटी शिकवताना सर 'टो इरोजन' म्हणाले तेव्हा मला फळ्यावरची आकृती दिसलीच नाही. समुद्र पायथा खाताना दिसला.

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असे कुणीतरी आहेत. कुणी एसटीत होते, कुणी साखर कारखान्यात, कुणी वीज मंडळात. आपण त्यांना मोबाइल कसा वापरायचा ते शिकवतो आणि गाडी चालवू नका म्हणतो. काळजी असते, मान्य आहे. पण त्यांनी आयुष्यभर काय केलं ते आपण बघायला गेलो आहोत का? घरच्या माणसांनी तरी बघितलं आहे का? सुट्टीत घरी गेलात की एकदा विचारा. जमलं तर गाडीत बसवून तिथे घेऊन जा.

तो रस्ता जानेवारी २०२३ पासून पुन्हा दरडींमुळे बंद होता. एक दरड काढेपर्यंत दुसरी आली. तब्बल तीन वर्षांनी, जानेवारी २०२६ मध्ये, तो सलग सुरू झाला. मी आजीला बातमी वाचून दाखवली. तिने मान हलवली. मग म्हणाली, "तुला नोकरी लागली की पहिल्या साइटवर मला ने. पस्तीस वर्षं थांबायला लावू नकोस."