दाबणारा हात

मसाज गनबद्दलचं माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं: पैसेवाल्यांचे चोचले. पळून आल्यावर अंग दुखणारच. तिळाचं तेल कोमट करावं, कुणीतरी पाय दाबून द्यावेत, पोटभर जेवून झोपावं. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधल्या एकाने बरेच पैसे मोजून असं यंत्र आणलं, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की माणसाच्या हाताला जे कळतं ते मोटरला काय कळणार! या वाक्याचा मला अभिमान होता. तो हात कुणाचा, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

आमच्या घरी तो माझ्या बायकोचा होता. त्याआधी आईचा. वडील होते तेव्हा आम्ही मुलं त्यांच्या पोटऱ्यांवर उभं राहून पाय तुडवायचो. घरातला पुरुष दमून येतो आणि त्याचे पाय कुणीतरी दाबतं, यात विचार करण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

मी साताऱ्याचा. यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा हा रविवारचा सराव. इथली हिल मॅरेथॉनही त्याच घाटाने जाते. चढावर दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार आवरावा लागतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. मी मात्र हे सगळं लॅक्टिक ॲसिडच्या नावावर खपवत होतो. ते तर पळणं थांबल्यावर तास-दीड तासात ओसरतं. म्हणजे सोमवारी रात्री मी बायकोला जे ‘दाबून बाहेर काढ’ म्हणत होतो, ते तिथे नव्हतंच.

एकदा माझी पोटरी धरली म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्टकडे गेलो. माझं तपासून झालं आणि उठता उठता बायको म्हणाली, “माझाही अंगठा जरा बघता का?” त्या तरुण मुलीने तिला अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं. बायको कळवळली. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ सूज होती.

“काकू, अंगठ्याने जोर लावायचं काम काय काय असतं?”

बायकोने सांगितलं: कणीक मळणं, शाळेत फळ्यावर लिहिणं, कपडे पिळणं. मग थोडं थांबून म्हणाली, “आणि यांचे पाय.”

ती मुलगी माझ्याकडे बघून बोलली नाही, हे तिचे उपकार. बायकोलाच म्हणाली, “आम्हीसुद्धा नुसत्या अंगठ्याने दाबणं टाळतो, काकू. कोपर वापरतो, यंत्र वापरतो. नाहीतर आमचे अंगठे कामातून जातील.”

त्या क्षणी मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी मला राग आला. घरातली गोष्ट बाहेर सांगितली, याचा राग. स्कूटरवरून परत येताना मी तिला विचारलं, “सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, “दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मग डाव्या हाताने दाब.”

मी हे बोललो होतो. मला आठवतही नव्हतं, इतक्या सहज बोललो होतो. माणसाच्या हाताचं कौतुक करणाऱ्या मला, तो हात दुखतोय हे तोंडावर सांगूनही कळलं नाही. तिचे खांदे रोज संध्याकाळी भरून येतात, हे मला माहीत होतं. ते कधी कुणी दाबले? मी तर नाहीच.

त्यानंतर मी ज्या यंत्राची टिंगल केली होती, त्याची माहिती काढायला बसलो. थेरागन या नावाजलेल्या मसाज गनचा उगम जाहिरातवाल्यांच्या डोक्यातून झाला असेल असं मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात लॉस एंजेलिसच्या जेसन वेर्सलंड या कायरोप्रॅक्टरला 2007 साली मोटरसायकलचा अपघात झाला आणि स्वतःच्या दुखण्यावर उपाय म्हणून त्याने सुतारकामाच्या यंत्रात बदल करून पहिलं यंत्र जुळवलं. महागड्या आणि स्वस्त यंत्रांतला फरक मुख्यतः दोन गोष्टींत. एक, डोकं किती खोल मागेपुढे होतं: थेरागनच्या मोठ्या यंत्रात हे अंतर 16 मिलिमीटर आहे, स्वस्तातली बरीच यंत्रं त्याच्या आधीच थांबतात आणि कातडीवर नुसती थरथरतात. दुसरी, किती दाबल्यावर मोटर बंद पडते.

पूर्वीचा मी असतो तर सगळ्यात मोठा आकडा बघून मोकळा झालो असतो. पण मोठी यंत्रं किलोच्या पुढे जातात आणि दुखऱ्या अंगठ्याच्या हाताला ते वजन पेलत नाही. म्हणून त्रिकोणी मुठीचं, अंगठ्यावर भार न देता धरता येणारं, त्यातल्या त्यात हलकं यंत्र घेतलं. पैसे बोचले. तरी घेतलं.

ते जादू करत नाही. ऑस्ट्रियात 2020 साली झालेल्या एका प्रयोगात पोटरीवर पाच मिनिटं वापरल्यावर घोटा सुमारे पाच अंशांनी जास्त वाकला. ताकद होती तेवढीच राहिली. जोर अनावर झाला तर उलटंही होतं. चीनमधल्या एका तरुणीचे मांड्यांचे स्नायू असं यंत्र वापरल्यावर इतके दुखावले, की लघवी चहाच्या रंगाची झाली. हाडावर, सांध्यावर, मानेच्या पुढच्या बाजूला ते लावायचं नाही. बायकोच्या सुजलेल्या अंगठ्यावरही नाही. माझ्या पोटऱ्या आता मीच बघतो. तिच्या खांद्यांवर यंत्र मी धरतो.

आमचा मुलगा यंदापासून घाटात पळायला लागला आहे. पहिल्याच आठवड्यात घरी येऊन तो आईला म्हणाला, “पाय दाब ना जरा.” हे तो कुठे शिकला, हे मला विचारावं लागलं नाही. मी त्याला जवळ बसवलं, यंत्र दिलं, कुठे लावायचं आणि कुठे नाही ते दाखवलं. मग आईच्या अंगठ्याचं काय झालं, तेही सगळं सांगितलं.