अनुक्रमणिकेत नसलेले नाव

आज माझ्याच एका फजितीची गोष्ट सांगतो. हसायचे असेल तर खुशाल हसा.

आमची शाळा भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या एका खेड्यात. दरवर्षी आम्ही मुलांचे हस्तलिखित काढतो. तीन वर्षांपूर्वी ठरवले, यंदा संगणकावर लिहायचे. लेख आले 38! कुणी मामा तलावावर लिहिले (मामाचा तलाव नव्हे बरे, माजी मालगुजारी तलाव!), कुणी तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणींवर, तर कुणी पवनीला 1969-70 साली उत्खननात सापडलेल्या बौद्ध स्तूपावर. चौथीतल्या एका मुलीने आजीच्या रोवणीच्या गाण्यांवर लिहिले होते.

मी सगळे लेख एकाच फाइलमध्ये टाइप केले. मथळा उठून दिसावा म्हणून अक्षर मोठे नि ठळक करायचो. पुढचा लेख नव्या पानावर यावा म्हणून एंटर, एंटर, एंटर दाबत सुटायचो. अनुक्रमणिकाही हातानेच केली, मध्ये टिंबे टिंबे देऊन. शेवटच्या रात्री मुख्याध्यापकांचे 'दोन शब्द' आले. दोन कसले, चांगले दीड पान! ते पुढे घातले आणि मागचे सगळे सरकले. मथळे पानाच्या तळाशी, लेख पुढच्या पानावर! रात्री बारापर्यंत आकडे दुरुस्त करत बसलो. सकाळी 50 प्रती झेरॉक्स केल्या.

कार्यक्रमाला ती मुलगी आजीला घेऊन आली. आजीला वाचता येत नाही. नातीने अनुक्रमणिकेवर बोट ठेवले, वरून खाली नेले. पुन्हा वरून खाली नेले. मग हळूच माझ्याकडे आली.

"गुरुजी, माजा नाव नाही जी."

लेख होता हो, पान 41 वर! पण अनुक्रमणिकेतली तिची ओळ माझ्या हातून पुसली गेली होती. पान काढून दाखवले, तरी तिची मान वर होईना. पुढचे दोन दिवस मी घरोघर फिरून प्रत्येक प्रतीत पेनने ती ओळ लिहिली.

डी.एड.ला फळ्यावरचे अक्षर शिकवले होते, हे कुठले! शेवटी नागपूरला शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही संगणकाला हा मथळा आहे असे सांगितलेच नाही. त्याच्या लेखी ते नुसते मोठे अक्षर."

आमच्याकडे लिब्रे-ऑफिस रायटर आहे, फुकट मिळते. त्यात मथळ्याच्या ओळीवर कंट्रोल आणि 1 दाबले की ती 'हेडिंग 1' होते. पोटमथळ्याला कंट्रोल आणि 2. नव्या पानासाठी एंटरची माळ नको, कंट्रोल-एंटर एकदाच. मथळे असे सांगून ठेवले की अनुक्रमणिका संगणकच बनवतो, पानांच्या आकड्यांसकट. आणि एफ 5 दाबले की सगळ्या मथळ्यांची यादी बाजूला उघडते. यादीत मथळा वर सरकवला, तर खालचा अख्खा लेख त्याच्यामागे निमूट जातो!

मला आपले म्हाइंभट आठवले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या. आठवणी कशाही क्रमाने यायच्या. त्यांतून झालेल्या 'लीळाचरित्रा'चे भाग मात्र तीन: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. स्वामी एकटे फिरत होते तो काळ एकांकात. आपल्या भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकारही त्या ग्रंथात भेटतात. कोणती लीळा कुठे घालायची, हे एफ 5 शिवाय ठरवणे म्हणजे काय काम असेल!

यंदाच्या अंकाला ती मुलगी मदतीला आली. आता ती सातवीत आहे. यादी उघडून तिने 'आमची शेती' हा विभाग धरला आणि 'किल्ले आणि मंदिरे'च्या वर नेऊन ठेवला.

"हे का गं?" मी विचारले.

"धान पयले जी. किल्ला मंग."

मी छापायला घेणार, तोच तिने माझा हात थांबवला. अनुक्रमणिका आपोआप बदलत नाही, तिच्यावर उजवी कळ दाबून 'अपडेट' करावे लागते. मी पुन्हा विसरलो होतो! तिने ते केले, आणि मग बोट ठेवून एकेक नाव वरून खाली वाचत गेली.